बेळगावचा प्रसिद्ध गुंडा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मोबाइलवरच्या बारीक अक्षरांशी माझे जमेनासे झाले, तेव्हा बेंगळुरूला संगणकाच्या कंपनीत असलेल्या भाच्याने मला फोनशी बोलून लिहायला शिकवले. आपण बोलावे आणि यंत्राने लिहावे, या कल्पनेने मला क्षणभर आमच्या जुन्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांसारखे वाटले. त्यांच्या दिमतीलाही असा एक लघुलेखक असे. फरक इतकाच, की त्या लघुलेखकाला शंका आली तर तो विचारत असे.

पुण्याच्या व्याह्यांकडे जाताना आमच्याकडची मिठाई न्यायची होती. त्यांना मी पहिलाच निरोप सांगितला : ‘शनिवारी रात्रीच्या बसने निघतो. सोबत बेळगावचा प्रसिद्ध कुंदा घेऊन येत आहे.’ वाचून न पाहता तो पाठवला, कारण वाचता येत असते तर बोललो कशाला असतो? तासाभराने उत्तर आले. चष्मा लावून पाहिले, तर व्याह्यांनी अत्यंत अदबीने लिहिले होते, ‘अवश्य यावे. त्यांचा मुक्काम आपल्याकडेच का? तसे अंथरूण काढून ठेवतो.’ वर माझा निरोप होता : ‘सोबत बेळगावचा प्रसिद्ध गुंडा घेऊन येत आहे.’

व्याह्यांच्या धीराचे कौतुक वाटले. मुलीच्या सासरी माझी पत काय आहे, तेही त्या उत्तरातून नीट कळले.

भाच्याला फोन केला, तर त्याने दोष माझ्या उच्चारावर ढकलला. मी तो मान्य करणार नाही. गणपत गल्लीत ‘अर्धा किलो कोडरी, पण मऊ नकोत हां’ असे एका दमात म्हटले, तर भाजीवाली कोणती भाषा म्हणून विचारत बसत नाही. पिशवीत टोमॅटो टाकते आणि मऊच टाकते. यंत्राला मात्र आधी एका भाषेच्या नावापुढे खूण करून हवी असते. मी कोठे राहतो हे पाहून ते मला कन्नड सुचवते, माझी लिपी पाहून हिंदी धरून बसते आणि मराठीची पाळी यायच्या आत माझे बोलणे संपलेले असते. गावाच्या नावाचेही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते सरकारी कागदोपत्री बेळगावी झाले. आम्ही आपले बेळगावच म्हणतो. यंत्राने मात्र दोन्ही बाजूंना झुगारून ‘बेलगाव’ लिहिले. आमच्या सीमाभागात १९५६ पासून पुष्कळ गोष्टींवरून वाद झाले, पण ‘ळ’वरून कधी झाला नाही, कारण तो कन्नडलाही आहे आणि मराठीलाही. तेवढे एक एकमताचे अक्षर या यंत्राने काढून नेले.

भाच्याचे म्हणणे असे, की २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक निघाले असले, तरी इंटरनेटवर मराठी मजकूर त्या मानाने फारच थोडा आहे, आणि यंत्र शिकते ते मजकुरावर, शिरगणतीवर नव्हे. शिवाय संगणकात साठवताना रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. म्हणजे ‘बेळगाव’ या शब्दाला अठरा. तिप्पट जागा घेऊनही त्याचा गुंडा होत असेल, तर ती जागा जाते कोठे, हे मी विचारले. त्याला मीटिंग होती.

मग मी खुलाशाचे पत्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्यायचे ठरवले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून अशा लेखनिकांची रांगच लागली आहे; मी त्यांतला कोणता धरला, ते सांगत नाही. त्याने पाच सेकंदांत दीड पान लिहून दिले. ‘कुंदा हा केवळ गोड पदार्थ नसून दोन कुटुंबांना जोडणारा भावनांचा प्रवास आहे,’ अशी सुरुवात होती आणि तो प्रवास ओल्या नारळापासून निघाला होता. कुंदा दूध आटवून, खवा आणि साखर घालून करतात, असे मी बजावले. ‘आपण अगदी बरोबर आहात!’ असे म्हणून त्याने नारळ काढला. मला संशय आला. मी म्हटले, कुंद्यात हिरवी मिरची घालतात. ‘उत्तम मुद्दा! काही पारंपरिक घरांमध्ये...’

भाच्याने नंतर सांगितले, की ही यंत्रे पुढे कोणता शब्द येण्याजोगा आहे याचा अंदाज बांधत लिहितात, आणि त्यांना वळण लावताना माणसांनीच त्यांच्या उत्तरांना गुण दिलेले असतात. माणसाला होकार आवडतो, म्हणून यंत्र मान डोलवायला शिकते. हे मला पटले. आमच्या कट्ट्यावर मी चाळीस वर्षे बसतो आहे. तिथे ‘आपण अगदी बरोबर आहात’ हे वाक्य मी एकदाही ऐकलेले नाही, आणि म्हणूनच कुंद्यात कोणी आजवर मिरची घातलेली नाही.

‘काय करायला लागलाय सकाळपासून?’ आतून आवाज आला. ‘सरळ फोन करून सांगा की त्यांना.’

पण गुंड आणणाऱ्या माणसाने व्याह्यांशी प्रत्यक्ष बोलायचे कोणत्या तोंडाने? मी भिंगाचा चष्मा लावला, एका बोटाने एकेक अक्षर शोधले आणि वीस मिनिटांत पूर्ण शुद्ध निरोप लिहिला : ‘क्षमस्व. गुंडा नव्हे. सोबत कुंदा आहे.’ तीनदा वाचला, पत्नीलाही दाखवला आणि पाठवला.

या वेळी उत्तर विहीणबाईंचे आले. ‘कुंदाताईंचे स्वागतच आहे. त्यांची झोपायची सोय आतल्या खोलीत करते. पण आमच्या विहीणबाई का येत नाहीत?’

फोन तेव्हा पत्नीच्या हातात होता.