पाचशे रोपं, सगळी ग्लिरिसिडिया

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगते. आज ऑफिसचं वृक्षारोपण होतं टेकडीवर. टोप्या, टीशर्ट, बॅनर, उपमा, सगळं साग्रसंगीत. रोपं बघते तर एकूण एक ग्लिरिसिडिया, ते झटपट वाढणारं परदेशी झाड! मी विचारलं, अहो दुसरं काहीच नाही का, तर कंत्राटदार म्हणतो, "मॅडम, हे मरत नाही, गुरंही तोंड लावत नाहीत." सगळे हसले. मीही हसले आणि खड्ड्यात रोप धरून फोटोसुद्धा काढून घेतला, ते आता जास्त झोंबतंय.

माझं आजोळ मुळशीत. गावाबाहेर वाघजाईची राई आहे, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. लहानपणी एकदा चुलीसाठी तिथली वाळकी पानं फ्रॉकच्या ओच्यात भरून आणली, तर आजीने दारातूनच परत पाठवलं. "देवाचं पान देवाकडंच कुजू दे." मी रडत रडत जाऊन पानं टाकून आले. तेव्हा वाटलं होतं, काय ही अंधश्रद्धा!

आता कळतं की म्हातारी माती राखत होती. राईत हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन, आंबा, वर गारंबीचा वेल. कुणाचं पान लगेच विरघळतं, कुणाचं चिवट, महिनोन्महिने पडून राहतं. मुळंही कुणाची वरवर तर कुणाची खोल, आणि प्रत्येक मूळ आपापला गोड रस मातीत सोडतं. म्हणून खालची खाणारी मंडळीही तितक्याच तऱ्हेची, चिमूटभर मातीत कोट्यवधी बॅक्टेरिया, वर बुरशीचं जाळं. एकाच झाडाच्या रानात रोज एकच भाजी, मग पंगतीला तरी किती जण टिकणार?

आणि पाऊस दडी मारतो तेव्हा खरी परीक्षा. 2023 चा ऑगस्ट आठवतो ना, 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट? तेव्हा मी आमच्या टेकडीवर ग्लिरिसिडियाखाली माती उकरली होती, नुसता पापड. त्याच आठवड्यात राईत गेले, पाचोळ्यात हात घातला तर आत गार ओल आणि बुरशीचे पांढरे दोरे. बॅक्टेरियाला हलायला, खायला पाण्याचा पातळ का होईना थर लागतो, तो आटला की ते उपाशी मरतात नाहीतर झोपी जातात. बुरशी जरा तग धरते, कारण तिचा दोरा कोरडा पट्टा ओलांडून पलीकडची ओल गाठतो. हजार जातींची वस्ती असेल तर चार आडवे पडले तरी पाचवा काम ओढून नेतो.

पहिल्या पावसाच्या वासावर स्टेटस टाकणाऱ्यांनो, तो वास याच मंडळींचा आहे, स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या बॅक्टेरियाचा! त्यांना कधी टोपी-टीशर्ट दिलाय कुणी?

हो, मान्य, ग्लिरिसिडिया नत्र धरतं, बांधावर हिरवळीच्या खताला उत्तम. आणि दुष्काळात मिश्र रान दरवेळी जिंकतं असंही नाही, दाट झालं तर पाणीही जास्त ओढतं. बरं. पण म्हणून पाचशेच्या पाचशे? 2019 ला राज्याने 33 कोटी झाडांचा संकल्प केला तेव्हाही आपण सगळे आकडेच मोजत बसलो होतो, कुठली झाडं हे विचारलं का कुणी? मी तरी नाही विचारलं.

जाऊ दे. चिडून दमले. त्या कंत्राटदाराचा तरी काय दोष, त्याला जगलेल्या रोपांचे पैसे मिळतात, खालच्या बुरशीचे नाही.

दुपारी मामाला फोन केला. म्हटलं, राईतली दोन घमेली माती द्या, हिरड्या-जांभळाची रोपं करते आणि त्यांच्या पिशव्यांत ती थोडी थोडी घालते, म्हणजे बुरशीही सोबत येईल. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तुझ्या आजीनं पान नेऊ दिलं नव्हतं गं, तू तर मातीच मागतेस." म्हटलं, मामा, देवाची माती दुसऱ्या रानातच जातेय ना. तर म्हणे, "रविवारी ये. कौल लावू. उजवा पडला तर एक घमेलं, दोन नाही."