मेमोरियल डे : एका संदेशाबाबत खुलासा

मे महिन्याच्या अखेरीस मराठी गटांतून एक संदेश फिरतो : मेमोरियल डे हा अमेरिकेचा ‘सैनिक दिन’ असून त्या दिवशी तेथील प्रत्येक सैनिकाला शुभेच्छा द्याव्यात, आणि अंगणात शेगडी पेटवून मेजवानी करणे हा शहिदांचा अपमान आहे. यातील पहिले विधान चुकीचे आहे. सेवा बजावून परतलेल्यांसाठी ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे आहे, सेवेत असलेल्यांसाठी मे महिन्यातील तिसरा शनिवार. मेच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे मात्र सेवेत प्राण गमावलेल्यांचाच आहे. म्हणूनच ज्या घरात मुलाची किंवा पतीची तसबीर भिंतीवर आहे, त्या घरी ‘हॅपी’ म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरे विधान इतिहासाला धरून नाही. या दिवसाची सुरुवातच अशी : अमेरिकेतील यादवी युद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांच्या आवाहनावरून ३० मे १८६८ रोजी सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिली गेली. अमेरिकेच्या आग्नेयेकडील दक्षिण अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागात तर कुटुंबे दफनभूमी स्वच्छ करून, फुले वाहून तिथेच पंगतीला बसत. आपल्याकडे पितृपक्षात गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ करतात, तोच हा जिव्हाळा. सोमवारची जोडसुट्टी १९७१ पासूनची. दुपारपर्यंत ध्वज अर्ध्यावर असतो, तीन वाजता एक मिनिट स्तब्धता पाळली जाते; ती पाळून एकत्र जेवणाऱ्या कुटुंबाला अनादराचा दोष देता येत नाही.