‘स्कॅन करा, मूळ कागद रद्दीत द्या’: शिक्षकांच्या कागदपत्रांबद्दलचा घातक सल्ला

निवृत्त किंवा दिवंगत शिक्षकांच्या घरच्यांना एक सल्ला हमखास मिळतो: नोकरीची माहिती सेवापुस्तकात असतेच, बाकीचे कागद विषयवार लावा, मोबाइलवर स्कॅन करा, महत्त्वाचे लॅमिनेट करा, उरलेले रद्दीत द्या. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळू नये.

‘सेवापुस्तकात सगळं असतं.’ तिथे असते नेमणूक, बदली, वेतन, रजा. रात्रवर्ग, वाचनालय, साथीच्या काळातली मदत, संघटनेचं काम हे तिथे औषधालाही सापडत नाही. ते असतं पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींत, सभांच्या इतिवृत्तांत, सायक्लोस्टाईल पत्रकांत, अर्जांच्या कार्बन प्रतींत. दोन्ही शेजारी ठेवले तरच बदली आणि रात्रवर्ग बंद पडणं यांच्या तारखा जुळतात का ते तपासता येतं.

‘विषयवार लावा.’ सर्वांत मोठं नुकसान इथे होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. एका व्यक्तीचे किंवा संस्थेचे कागद एकत्र ठेवावेत, इतरांत मिसळू नयेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये 1841 च्या परिपत्रकाने रूढ झालं. मूळ क्रम न मोडण्याचा नियम पुढे त्याला जोडला गेला. समजा, एका शिक्षिकेच्या एकाच फाइलीत गैरहजर मुलांची यादी आणि पाणीपुरवठ्यासाठी केलेला अर्ज आहे. यादी ‘शाळा’ गठ्ठ्यात आणि अर्ज ‘समाजकार्य’ गठ्ठ्यात गेला, की शिक्षिकेने त्या दोन गोष्टींचा लावलेला संबंध कायमचा पुसला जातो.

म्हणून हात लावण्याआधी कपाटाचे, खोक्यांचे फोटो काढा. फाइली सापडल्या त्याच क्रमाने त्यांना आकडे द्या. आकडा नव्या आम्लमुक्त (कागद पिवळा न पाडणाऱ्या) फोल्डरवर, मऊ पेन्सिलीने. प्रत्येक खोक्याची यादी करा: कोणाचे कागद, कोणत्या वर्षांचे, कशा प्रकारचे. पोत्यात नुसताच कोंबलेला ढीग असेल तर क्रम तुम्हीच लावा, पण तो तुम्ही लावला आहे हे यादीत लिहा.

‘मोबाइलवर स्कॅन करा.’ स्कॅन जरूर करावं, पण मूळ कागदाला पर्याय म्हणून नव्हे. स्कॅनिंगची अ‍ॅप कडा कापतात आणि पार्श्वभूमी पांढरी करताना समासातली फिकट पेन्सिल खाऊन टाकतात. स्कॅनची स्पष्टता मजकुरासाठी 300 ते 400 पीपीआय (दर इंचातले चित्रबिंदू), छायाचित्रांसाठी 600, आणि स्कॅनची मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावता चित्र साठवणाऱ्या फाइल-प्रकारात. मागची बाजूही घ्या, कारण फोटोतल्या लोकांची नावं बहुधा तिथेच असतात. फाइलच्या नावात खोका, फोल्डर आणि पान यांचे आकडे हवेत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा, संगणकाने काढलेला आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा.

‘लॅमिनेट करा.’ मुळीच नको. उष्णतेने वितळलेला चिकट थर कागदावरून सहज परत निघत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात अभिलेखागारांनीही, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थांनीही, अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकचं लॅमिनेशन केलं होतं. ते सोडवायला नंतर द्रावकं वापरावी लागली. वारंवार हाताळायच्या कागदाला पॉलिएस्टरचं पाकीट पुरतं. गंजलेली टाचणी ओढू नका: खाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवून ती हळूच सोडवा. वृत्तपत्राच्या कात्रणातलं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतं, म्हणून ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ जागी तशी चिठ्ठी घाला. सापेक्ष आर्द्रता 35 ते 50 टक्के असावी. 65 च्या वर बुरशी धरते. माळा आणि ओलसर भिंत, दोन्ही टाळा.

‘उरलेलं रद्दीत.’ कोरे फॉर्म किंवा एकाच पत्रकाच्या दहा प्रतींतल्या आठ खुशाल जाऊ द्या. विद्यार्थ्यांचे गुण, आजार, घरची परिस्थिती लिहिलेले कागद मात्र रद्दीतही नकोत आणि इंटरनेटवरही नकोत. ते अभिलेखागाराला देताना दानपत्रात किती वर्षं बंद ठेवायचे हे नमूद करा. आलेल्या पत्रांचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. छापायची परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागते.