साउथब्रिजचे नाव सांगायला कोणाचे काय जाते?

तीन टेराबाइटची कोरी हार्डडिस्क जोडली आणि विंडोज ७ने तिची क्षमता ७४६ गिगाबाइट दाखवली. दुकानदाराने बदलून दिलेल्या दुसऱ्या डिस्कनेही अगदी तोच आकडा दाखवला, तेव्हा माझा संयम संपला. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाची जुनी कीर्तने आणि व्याख्याने मला या डिस्कवर उतरवून ठेवायची होती. त्यातले कित्येक आवाज आता केवळ त्या झिजत चाललेल्या कॅसेटींवरच उरले आहेत. आरएनटी मार्गावरच्या ज्या दुकानाने हा संगणक जुळवून दिला होता, तिथल्या माणसाने मात्र कॅबिनेट न उघडताच "डिस्क ही खराब है, दूसरी ले लो" असे फर्मावले आणि पहिली परत घेताना आठशे रुपये कापून घेतले.

दोन वेगवेगळ्या डिस्क नेमक्या ७४६ वरच कशा बिघडतील, एवढा साधा प्रश्न या धंद्यातल्या माणसाला पडू नये? डिस्कशी बोलणी करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. जुन्या ड्रायव्हरमध्ये सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक छोट्या कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांत मावावा लागतो. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा धरला, तर हिशोब साधारण २.२ टेराबाइटला संपतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तीन टेराबाइटमधून तेवढे वजा करून जे उरते, तेच विंडोजच्या मापात (तिथे हजाराऐवजी १०२४चा हिशोब असतो) ७४६ गिगाबाइट भरते.

दोष ड्रायव्हरचा आहे हे कळले, तरी योग्य ड्रायव्हर निवडण्यासाठी चिपसेट, म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणारा चिपांचा संच, ठाऊक असावा लागतो, आणि खरा संताप इथेच आहे. बिलावर केवळ 'पी४५ बोर्ड' असे लिहिलेले. पुस्तिका तर दुकानदाराने कधी दिलीच नाही. पी४५ हे त्या संचातल्या नॉर्थब्रिज या चिपचे नाव असून त्याचा संबंध मेमरी आणि ग्राफिक्स कार्डाशी असतो. हार्डडिस्क जोडलेली असते ती साउथब्रिज या दुसऱ्या चिपला, आणि पी४५च्या काही बोर्डांवर आयसीएच१० असते, तर काहींवर आयसीएच१०आर. चिपवरचे अक्षर वाचावे, तर वर उष्णताशोषक घट्ट बसवलेला. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरच्या तपशिलात ८०८६ (इंटेल कंपनीचा) आणि ३ए२२ (त्या कंट्रोलरचा) हे क्रमांक सापडले, तेव्हा आयसीएच१० घराण्याचा आणि एएचसीआय या डिस्क जोडण्याच्या पद्धतीचा पत्ता लागला. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारे साधन 'मेनबोर्ड' या पानावर साउथब्रिजचे नाव सरळ एका ओळीत दाखवते. दुकानातल्या माणसाला त्यासाठी मिनिटभरही लागले नसते. माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

त्याने घातलेला स्टोरेज ड्रायव्हर ८.९ आवृत्तीचा निघाला, २.२ टेराबाइटपुढच्या डिस्कला निदान १०.१ लागते. तो बदलला आणि डिस्कच्या भागांची नोंद ठेवणारी मांडणी जुन्या एमबीआरऐवजी नवी जीपीटी केली, कारण एमबीआरलाही हीच २.२ची मर्यादा आहे. लगेच पूर्ण २७९४ गिगाबाइट दिसू लागले.

हे सगळे मी दुकानात जाऊन पडद्यावर दाखवले आणि आठशे रुपये परत मागितले. "वो तो पहली वाली डिस्क का था," एवढेच उत्तर मिळाले. निदान यापुढच्या बिलांवर साउथब्रिजचे नाव लिहा, असे मी सांगितले, तेव्हा त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवले.