बरोबर उत्तराला शून्य देणारं पोर्टल

प्रश्न होता, 'दरी' या नामाचं अनेकवचन लिहा. मुलीनं लिहिलं 'दर्‍या'. पोर्टलनं लाल फुली मारली आणि खाली हिरव्या चौकटीत योग्य उत्तर दाखवलं, 'दऱ्या'. मी चष्मा पुसून पाहिलं, पडदा मोठा करून पाहिलं, दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून पाहिलं. य ला चिकटलेला अर्धा र तोच, काना तोच, शब्द तोच. गुण शून्य.

बीए दुसऱ्या वर्षाची मराठीची अंतर्गत चाचणी, वीस गुणांची, महाविद्यालयानं छापील पुस्तकाच्या जागी आणलेल्या पोर्टलवर. व्याकरणाच्या भागात अनेकवचनं आणि सामान्यरूपं होती, त्यामुळे हा अर्धा र जागोजागी. पायऱ्या, सुऱ्या, वाऱ्याला, शेतकऱ्याचा. जिथे तो आला तिथे फुली. संगणक कक्षात बसून पेपर दिलेल्या मुलांना हेच शब्द बरोबर आणि ज्यांनी फोनवरून दिला त्यातल्या बहुतेकांना चूक. म्हणजे ज्याला कक्षात खुर्ची मिळाली त्याला मराठी येतं, बाकीचे ढ!

ही मुलगी व्याकरणात वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. माझ्याकडे आली, फोन पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, मग नक्की कसं लिहायचं?" माझं डोकं फिरलं ते तिथे. गुणांचं काय, ते भांडून परत आणता येतील. पण ज्या पोरीला हा शब्द तिसरीपासून बिनचूक येतो, तिला एका यंत्रानं स्वतःच्या मराठीबद्दल शंका घ्यायला लावली.

मदत कक्षाला फोन लावला. मराठीच्या अभ्यासक्रमासाठी घेतलेलं पोर्टल आणि पलीकडे मराठी येणारं एक माणूस नाही. "मॅम, सिस्टम में तो आन्सर करेक्ट है, स्टूडेंट ने स्पेलिंग मिस्टेक किया होगा." मी सांगितलं, दोन्ही शब्द तुमच्या पडद्यावर उघडा, फरक दाखवा. म्हणे स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. संध्याकाळी तक्रारीपुढे 'रिझॉल्व्ड' असं उमटलं. कुणी सोडवली? काय सोडवलं? ताकास तूर लागू दिला नाही.

शेवटी आमच्याच महाविद्यालयातल्या संगणकशास्त्राच्या सरांनी दोन्ही शब्द उसवून दाखवले. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जी युनिकोड पद्धत आहे, तिच्यात हा अर्धा र दोन वाटांनी येतो. एक वाट म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर, त्याचा क्रमांक ०९३१, त्याला हलन्त. दुसरी वाट म्हणजे साधा र, क्रमांक ०९३०, हलन्त आणि त्याच्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून J ची कळ दाबली की पहिला येतो, कित्येक फोनच्या कळफलकांवरून दुसरा येतो. मी हातानं लिहून दिलेली उत्तरसूची कंपनीत कुणीतरी इन्स्क्रिप्टवर टंकली, मुलांनी फोनवर लिहिलं, आणि यंत्रानं शब्द न बघता क्रमांक जुळवले. ॲ चंही तेच. तो एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र चढवूनही येतो, त्यामुळे 'ॲलर्जी' लिहिणारी मुलं तिथेही मेली.

सर म्हणाले, तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची, एवढंच काम आहे, फार वेळ लागत नाही. मग केलं का नाही? कारण त्या कंपनीनं हे पोर्टल इंग्रजीसाठी बांधलं, भाषांच्या यादीत 'मराठी' हा एक शब्द वाढवला आणि आमच्या गळ्यात मारलं. बांधणाऱ्यांपैकी एकानं तरी बसून मराठीत एक परिच्छेद लिहून पाहिला असता तर ही चूक पहिल्या दिवशी सापडली असती. सगळं उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय.

आता निघालंच आहे तर बाकीचंही बोलते.

रसग्रहणाच्या उत्तराला पाचशे अक्षरांची मर्यादा. कुणाची अक्षरं? 'स्त्री' हे मराठीत एक अक्षर. पोर्टल त्याची सहा मोजतं, कारण स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी हे त्याला सहा वेगळे तुकडे दिसतात. पोरगा मन लावून कवितेवर लिहितो आणि त्याचं वाक्य अर्ध्या शब्दात कापलं जातं. त्याच आठवड्यात मी वर्गात अक्षरगणवृत्तं शिकवतेय, भुजंगप्रयाताच्या चरणात बारा अक्षरं, शार्दूलविक्रीडितात एकोणीस. मुलांनी फळ्यावरच्या मोजणीवर विश्वास ठेवायचा की पोर्टलच्या?

कविता तर बघवत नाहीत. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, तो डोळ्यांना आखूड दिसला पाहिजे, म्हणजे वाचताना जीभ तिथे आपोआप थांबते. फोनवर सगळ्या ओळी एकामागे एक वाहत जाऊन त्याचा परिच्छेद झालाय. अभंगाची कडवी कुठे सुटतात ते कळत नाही. ल आणि श हिंदी वळणाचे. ही अक्षरं मराठीत कशी काढायची हे राज्य सरकारनं २००९ च्या शासन निर्णयात सांगितलं, २०२२ मध्ये सुधारून पुन्हा सांगितलं. मराठीच्याच अभ्यासक्रमात ते पाळलं जाऊ नये? छापील पुस्तक काढणाऱ्या मंडळींनी निदान मुद्रितं तपासली होती.

आणि ज्याला 'ई-कंटेंट' म्हणतात ते काय आहे? त्याच जुन्या पुस्तकाची पीडीएफ. काही धडे वाकडे स्कॅन केलेले, पानाच्या कडेला धरणाऱ्याचा अंगठा. काही धडे युनिकोडच्या आधीच्या फाँटात, म्हणजे डोळ्यांना मराठी दिसतं पण आत रोमन अक्षरांचा कचरा. शोध चौकटीत 'रूपक' टाका, एकही निकाल येत नाही. उतारा उचलून दुसरीकडे चिकटवा, तिथे खडे पडतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, अजून किती वर्षं हवीत?

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही. डिजिटलमुळे सगळ्यांत जास्त भलं कुणाचं व्हायला हवं होतं, तर त्याचं. इतकी वर्षं तो मित्रांकडून धडे वाचून घ्यायचा, रेकॉर्ड करायचा, परीक्षेच्या आधी ऐकायचा. आता मजकूर नीट युनिकोडमध्ये असता तर स्क्रीन रीडरनं तो स्वतः, हव्या त्या वेळी, हवा तितक्या वेळा ऐकू शकला असता. त्याला ऐकू काय येतं? स्कॅन केलेल्या पानावर काहीच नाही आणि जुन्या फाँटातल्या पानावर रोमन अक्षरांची बाराखडी. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. तो मुलगा आजही मित्राला म्हणतो, वाच रे जरा. तरी आमच्या अहवालात 'सर्वसमावेशक' हा शब्द छापला जातो, आणि हे लिहिताना माझा हात संतापानं थरथरतोय.

कुणी मला जुन्या वळणाची म्हणू नये. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते, शब्द टाकला की नोंद समोर. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. मी दोन्ही रोज वापरते, मुलांना वापरायला लावते. जीव ओतून केलेलं डिजिटल काम कसं असतं हे मला माहीत आहे, म्हणून तर हा कचरा बघवत नाही.

पुस्तकाचा हिशोब साधा होता. वरच्या वर्गातल्या ताईकडून निम्म्या किमतीत मिळायचं, पुण्याला कुणी गेलं की अप्पा बळवंत चौकातून आणायचं, नाहीच जमलं तर ग्रंथालयातून. समासात ताईच्या पेन्सिलीच्या खुणा असायच्या, कठीण शब्दांचे अर्थ असायचे. आता प्रवेशाच्या वेळीच डिजिटल शुल्क कापून घेतात, सत्र संपलं की लॉगिन बंद. पैसे भरून मुलाच्या हातात काय उरलं? धाकट्या भावाला द्यायला काय उरलं? विषय राहून एटीकेटी लागली तर पुन्हा शुल्क. ओटीपी वडिलांच्या नंबरवर जातो, वडील ऊसतोडीला किंवा ट्रकवर, फोन लागत नाही. मुलगी वर्गात बसून ओटीपीची वाट बघते आणि धडा पुढे निघून जातो. ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीही 'अभ्यासक्रम बदलला' म्हणून काढायला घेतल्या होत्या. त्यातल्या काही मी भांडून विभागाच्या कपाटात आणून ठेवल्या आहेत.

हा बदल ठरला तेव्हा शिकवणाऱ्यांना विचारलं नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातला आयसीटीचा, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या वापराचा, रकाना भरायचा होता, तो भरला. कंपनीचा माणूस येऊन 'लर्निंग जर्नी' आणि 'एंगेजमेंट' बोलून गेला. मला हे दोन शब्द कानावर पडले तरी तिडीक येते. मी तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. साहित्य चढवणं, हजेरीचे स्क्रीनशॉट, पासवर्ड विसरलेल्यांचे फोन, यातली एकही गोष्ट तासिकेत धरत नाहीत. मानधन सहा-सहा महिने हातात पडत नाही. पण कंपनीचं बिल वेळेवर जातं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्याकडे पेढे वाटले, फलकासमोर उभं राहून फोटो काढले, मीही मनापासून आनंदले. त्याच इमारतीत आज शुद्ध लिहिणाऱ्या मुलीला शून्य मिळतं, आणि फोटोत पुढे उभे राहिलेले म्हणतात, "मॅडम, दोन-चार गुणांचा तर प्रश्न आहे."

दोन-चार गुणांचा नाही. वीसातले सहा गेले आहेत तिचे.

गुण लॉक व्हायच्या आत मी प्रत्येक मुलाच्या उत्तराची छापील प्रत जोडून दुरुस्तीची यादी परीक्षा विभागात देणार आहे, विभागप्रमुखांची सही घेऊन. पोर्टलमध्ये बदल करता येत नाही असं तोंडी सांगितलं तर ऐकून घेणार नाही, लेखी द्या म्हणणार. पुढची चाचणी कागदावर घेऊ द्या, असा अर्ज त्याच पाकिटात असेल. आणि त्या मुलीला सांगितलंय, तू लिहितेस तसंच लिही.