विक्तोरिया, विजया आणि व्हीटी

गेल्या महिन्यात भाच्याचं लग्न झालं. मुलगी पोलंडची, नाव विक्तोरिया. पत्रिकेचं प्रूफ आलं त्यात छापखान्याने 'व्हिक्टोरिया' केलं होतं. मी म्हटलं, एकदा तिच्याच तोंडून ऐकू. फोन लावला. स्वच्छ दाताला जीभ लावून 'त' म्हणाली पोरगी. आपला 'ट' इंग्रजांच्या तोंडून आलेला, आपल्याला वाटतं तोच मूळचा. देवनागरीत 'त' आहे की, मग लिहा ना! एवढ्यासाठी छापखान्यात दोन फेऱ्या मारल्या. घरचे म्हणाले, मामीला कामं नाहीत.

घरी तिला लाडाने 'विका' म्हणतात, तिकडे तशीच पद्धत. माझ्या सासूबाईंनी ते ऐकलं मात्र, "अगं, काय विका? काय विकायला काढलंय?"

खरा प्रश्न पुढे आला. लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या ताटात अंगठीने काय लिहायचं? वन्संनी तोडगा काढला: "विजया! अर्थ तोच, अक्षर तेच. तिला काही परकंही वाटणार नाही." सगळे खूश. एकटी मी गप्प. माझं नाव १९८९ साली त्याच ताटात बदललं. अजून मार्कशीटवर एक बाई आहे, आधारकार्डावर दुसरी, आणि दोघी मीच आहोत हे पटवायला प्रतिज्ञापत्र लागतं.

अर्थाचं वन्संचं खरंच आहे. लॅटिनमध्ये 'विक्तोरिया' म्हणजे विजय, आणि रोमन लोकांची विजयाची पंखवाली देवीही तीच. ग्रीकांकडे हीच देवी नीके, आपण जिला नायकी म्हणून पायात घालतो. इटलीत हे नाव वित्तोरिया झालं, फ्रान्समध्ये व्हिक्त्वार, पोर्तुगीजांकडे मधला 'क' गळून वितोरिया. पोलिश लोक १६८३ च्या व्हिएन्नाच्या लढाईतल्या विजयाला अजून 'विक्तोरिया'च म्हणतात. (त्याच साली इकडे संभाजीमहाराजांनी गोव्यात पोर्तुगीजांना घाम फोडला होता.)

आपल्याला मात्र हे नाव ऐकलं की एकच जाडजूड राणी दिसते. गंमत म्हणजे तिचंही नाव इंग्लंडमध्ये परकं होतं. जर्मन आईकडून आलेलं. १८१९ साली बारसं झालं ते अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया असं, त्यातलं पहिलं रशियाच्या झारवरून. लहानपणी घरात ती 'ड्रिना'. पुढे गादीवर येणार असं दिसल्यावर दरबारी मंडळींत चर्चा, हे नाव इंग्रज कानाला बरं नाही, शार्लट किंवा एलिझाबेथ करू या. म्हणजे तिच्यासाठीही ताटात तांदूळ पसरून झाले होते. १८३७ ला राणी झाल्यावर तिने अलेक्झांड्रिना टाकलं आणि सही केली नुसती व्हिक्टोरिया.

आणि मग तिच्याच नावाने जगभर बारशी सुरू झाली. झांबेझी नदीवरचा धबधबा 'मोसी-ओआ-तुन्या' होता, गरजणारा धूर. काय नाव आहे! १८५५ साली लिव्हिंगस्टनने पाहिला आणि झाला व्हिक्टोरिया फॉल्स. तीन वर्षांनी स्पीक नावाचा इंग्रज प्रवासी आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या सरोवराशी पोचला, लोक त्याला नालुबाले म्हणत होते, तेही व्हिक्टोरिया. त्या पाण्याला कुणी विचारलं नाही, आणि माझ्या मते नव्या सुनेला न विचारणं ह्याच जातीचं आहे. हे मी वन्संना बोलून दाखवलं. "सरोवर काय, सून काय, तुझं आपलं काहीतरीच," म्हणाल्या.

पण मला जास्त विचार करायला लावतं ते १८८७ साल. राणीला गादीवर बसून पन्नास वर्षं झाली म्हणून माल्टाजवळच्या गोझो बेटावरच्या राबात गावाचं नाव व्हिक्टोरिया केलं गेलं. त्याच निमित्ताने बोरीबंदरचं झालं व्हिक्टोरिया टर्मिनस. गोझोतले लोक आजही गावाला राबातच म्हणतात. आपल्याकडे उलटं. बोरीबंदर म्हणणारी पिढी गेली, १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ ला त्यात 'महाराज' आले, आणि तरी कल्याणहून सकाळी लटकत येणारा माणूस घरी फोनवर "व्हीटीला पोचलो"च म्हणतो. त्याला गुलाम म्हणून झोडपणाऱ्या पोस्टी वाचून मला हसू येतं. त्या 'व्ही'मध्ये राणी उरलीच नाहीये हो. ते दादरसारखं मुंबईचं स्वतःचं नाव झालंय, दोन अक्षरी. पाटी बदलली ते योग्यच, महाराजांचं नाव तिथे हवंच. पण जीभ ही काही पाटी नव्हे.

आणि प्रत्येक व्हिक्टोरिया राणीची नसते, हेही ध्यानात असू द्या. स्पेनच्या बास्क भागातलं वितोरिया ११८१ मध्ये नवाराच्या राजाने वसवलं, राणीच्या सहा शतकं आधी. तिथे आधी गास्तेइस नावाचं खेडं होतं. आज शहराचं अधिकृत नाव वितोरिया-गास्तेइस, दोन्ही सुखाने एका पाटीवर. मला हा मार्ग फार आवडतो.

तर लक्ष्मीपूजन. ताट आलं, तांदूळ पसरले, भाच्याने अंगठी उचलली आणि सरळ तिच्या हातात दिली. वन्संचा चेहरा पडला. तिने चार दिवस वहीत गिरवून ठेवलं होतं म्हणे. 'वि' छान जमली, 'क्तो'ला तीनदा पुसून पुन्हा तांदूळ सारखे करावे लागले, आणि शेवटचा 'या' ताटाच्या काठावर चढला. पेढे वाटले. नाव काय ठेवलं विचारणाऱ्यांना वन्संनीच सांगितलं, "तेच ठेवलंय."

सासूबाई मात्र तिला विजूच म्हणतात. आणि ती ओ देते.