गिअरबॉक्स बोल्टने ओढून बसवू नका: एका फिरत्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

प्रीमियर पद्मिनी, जुनी पेट्रोल ॲम्बॅसेडर अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा क्लच बदलताना एक सल्ला हमखास ऐकू येतो. तो थोडक्यात असा: 'गिअरबॉक्स शेवटचा अर्धा इंच आत जात नसेल तर लांब बोल्ट लावून आवळत जा, तो ओढला जाईल. क्लच प्लेट आपली आपण मधोमध येते. फ्लायव्हील (इंजिनच्या क्रँकच्या टोकाचं जड चाक) अडलं तर हातोडा मारा. फ्लायव्हीलवरची दातेरी रिंग लाल होईपर्यंत तापवा. आणि स्प्लाइनला (शाफ्टवरच्या लांब दातांना) भरपूर ग्रीस भरा.' हा सल्ला पाळून मोडलेला भाग पुन्हा मिळणं कठीण आहे. पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली, ॲम्बॅसेडर 2014 ला थांबली. फुटलेलं बेल हाऊसिंग (क्लचवरचं आवरण) आता भंगारातच शोधावं लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'लांब बोल्टने ओढून घ्या'

10 मिमीचा एक बोल्ट 40 न्यूटन-मीटरला आवळला तर तो साधारण 2 टनांची ओढ देतो. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (पुढे क्लचमध्ये शिरणारा दांडा) समोर कशाला तरी अडलेला असताना ही ओढ जाते कुठे? शाफ्टचं टोक पायलट बुशची (क्रँकच्या टोकातल्या, शाफ्टला आधार देणाऱ्या नळीची) कड चेपतं, क्लच प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगचा कान तडकतो. वाकलेली प्लेट पॅडल पूर्ण दाबूनही फ्लायव्हीलला घासत राहते. मग रिव्हर्स टाकताना खरखर होते, आणि दोष नव्या प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाला) दिला जातो.

गिअरबॉक्स हातानेच बसला पाहिजे. बसत नसेल तर राहिलेली फट पट्टीने मोजा, कारण अडचण कुठे आहे ते ती फटच सांगते. शाफ्टचं बारीक टोक पायलट बुशमध्ये किती शिरायला हवं हे गिअरबॉक्स जमिनीवर असतानाच मोजून ठेवावं. फट तेवढीच उरली असेल, बहुधा एक-दीड सेंटीमीटर, तर टोक बुशच्या तोंडाशी अडलं आहे: प्लेट मधोमध नाही, बुश घट्ट आहे किंवा गिअरबॉक्स तिरका लटकतो आहे. फट त्याहून बरीच मोठी असेल तर स्प्लाइन हबमध्ये गेलेलीच नाही. अशा वेळी गिअर टाकून मागचा फ्लँज हाताने हळूहळू फिरवा, दात जुळले की गिअरबॉक्स सरकतो. फट जेमतेम 3-4 मिमी असेल तर डॉवेलवरचा (जुळवणीच्या खुंटीवरचा) गंज, मधे सापडलेली वायर, वाकलेली मागची प्लेट किंवा काट्यावरून निसटलेलं रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) तपासा.

तिरकेपणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गिअरबॉक्स काढल्यावर इंजिन माउंटिंगवर मागच्या बाजूला झुकतं. ऑइल सम्पच्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या) कडेला लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन उचला आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या तोंडांतली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखी येईपर्यंत जुळवा. गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर क्षणभरही सोडू नका. प्लेट वाकायला तेवढं पुरतं.

या सल्ल्यात खरं एवढंच: शाफ्ट पायलटमध्ये गेला आहे, क्रँक पान्याने मोकळी फिरते आहे आणि फक्त घट्ट डॉवेलमुळे 2-3 मिमी उरले आहेत, तर मूळ लांबीचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा आवळायला हरकत नाही.

'प्लेट आपली आपण मधोमध येते'

येत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले की स्प्रिंगचा दाब शेकडो किलोंचा असतो. त्याखाली दबलेली प्लेट शाफ्टच्या टोकाने सरकणार नाही. बोल्ट आवळण्याआधीच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टवर मधोमध धरा. तो नसेल तर पायलटच्या आणि हबच्या मापाचा, दोन टप्प्यांचा लाकडी दांडा लेथवर करून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एका वेळी एकच फेरा आवळा. एका बाजूने पूर्ण आवळल्यास कव्हर कायमचं वाकतं. शेवटी दांडा हाताने सहज बाहेर यायला हवा. अडत असेल तर बोल्ट ढिले करून पुन्हा जुळवा.

त्याआधी दोन गोष्टी: नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून पाहा. दातांची संख्या किंवा माप चुकीचं असेल तर तिथेच कळतं. आणि प्लेटची बाजू बघा. बहुतेक प्लेटमध्ये स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. उलट बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो.

पायलट बुश ब्राँझचं, तेल शोषणारं असेल तर ते रात्रभर इंजिन ऑइलमध्ये ठेवा. ठोकून बसवल्यावर त्याचं भोक किंचित आवळतं, म्हणून शाफ्टचं टोक त्यात घालून पाहायलाच हवं. जुनं बुश काढायची सोपी रीत अशी: भोकात ग्रीस गच्च भरा, नेमक्या मापाची सळई घालून हातोड्याने ठोका. ग्रीसचा दाब बुशला मागून बाहेर ढकलतो.

'फ्लायव्हील ठोकून बसवा'

अडलेलं फ्लायव्हील काढताना सगळे बोल्ट काढू नका. समोरासमोरचे दोन बोल्ट काही आटे ढिले ठेवून लाकडी ठोकळ्यावरून आळीपाळीने ठोका. सुटलं तरी ते पायावर पडणार नाही. बसवताना मात्र हातोड्याचं कामच नाही. क्रँकचा फ्लँज आणि फ्लायव्हीलची बैठक यांवरचा गंज, रंग, काठावरचे टोचरे उंचवटे बारीक कानसीने आणि थिनरने साफ करा. बैठकीखाली राहिलेला कचरा कडेला कितीतरी पटींनी मोठी लचक (फिरतानाचं डोलणं) दाखवतो आणि पॅडल थरथरतं. डायल गेज (लचक मोजायचं काट्याचं माप) लावून, क्रँक एकाच दिशेला दाबून धरून एक फेरा फिरवा. लचक 0.1 मिमीच्या आतच हवी. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून वाकवायच्या लॉक प्लेट असतील तर नव्याच घ्या. ॲम्बॅसेडरच्या 1489 सीसी इंजिनात मागची प्लेट फ्लायव्हीलच्या आधी बसते. ती विसरली तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

'रिंग लाल करा'

280 मिमी व्यासाची रिंग 200 अंश सेल्सिअसने तापली की व्यास सुमारे 0.65 मिमी वाढतो. बसवायला एवढं सहसा पुरतं. लाल व्हायला 600 अंशांच्या वर जावं लागतं. त्या तापमानाला दातांचा कडकपणा जातो आणि स्टार्टर काही महिन्यांत ते खाऊन टाकतो. रिंग ओव्हनमध्ये सारखी तापवा, दातांचा उतार पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) येतो त्या बाजूला ठेवा, आणि पाणी न टाकता थंड होऊ द्या.

'भरपूर ग्रीस'

स्प्लाइनवर हाय-टेम्परेचर ग्रीसचा पातळ हात फिरवा, प्लेट दोनदा सरकवा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. जास्तीचं ग्रीस फिरताना फेकलं जाऊन प्लेटच्या लायनिंगवर (घासणाऱ्या थरावर) जातं. ते धुऊन निघत नाही, प्लेट घसरत राहते. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेलही बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने पुसायला हवं.

सगळं बसल्यावर गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही घासलं किंवा अडलं तर प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) जोडण्याआधीच गिअरबॉक्स परत उतरवा.